सबस्क्रिप्शन चालू, पत्ता उघडा

कोल्हापुरातल्या एका दोन माणसांच्या वेबसाइट कंपनीकडे ४१ डोमेन सांभाळायला आहेत. त्यातली दोन स्वतःची, बाकी ग्राहकांची: एक मंगल कार्यालय, गूळ-काकवीचं एक दुकान, काही डॉक्टर, एक शाळा, एक पतसंस्था आणि घरगुती हिंसाचारानं त्रासलेल्या बायकांना सल्ला देणारी एक सामाजिक संस्था. सगळी डोमेन एकाच परदेशी रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीच्या, एकाच खात्यात. ग्राहकाला लॉगिन, पासवर्ड, ओटीपी ही कटकट नको असते, म्हणून लहान कंपन्या बहुधा असंच करतात. ते बरं की वाईट, हा वेगळा विषय.

मार्चअखेरीला हिशेब लावताना त्यांच्या अकाउंटंटनं विचारलं, डॉलरच्या बिलात 'प्रायव्हसी' नावाच्या या इतक्या ओळी कसल्या, आणि त्या कोणत्या ग्राहकाच्या नावावर टाकायच्या? ही प्रायव्हसी म्हणजे डोमेनधारकाचं नाव-पत्ता जाहीर नोंदीत झाकणारी सेवा. एरवी मालकानं रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये एकेक डोमेन उघडून बघितलं असतं आणि अर्धा दिवस घालवला असता. पण रजिस्ट्रारनं नुकतीच एआय एजंटसाठी, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, जोडणी दिली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकनं एमसीपी हा एआयला बाहेरच्या सेवांशी जोडणारा खुला प्रोटोकॉल जाहीर केला आणि त्यानंतर होस्टिंगवाल्यांपासून बँकिंग सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत अनेकांनी आपापल्या सेवांना असे दरवाजे काढले. या जोडणीत एजंटला टूलची एक यादी मिळते: डोमेनांची यादी आण, एका डोमेनचा तपशील आण, सबस्क्रिप्शनांची यादी आण, प्रायव्हसी चालू कर, बंद कर, ऑटो-रिन्यू थांबव. मालकानं खात्याचं टोकन (पासवर्डसारखी एक लांबलचक किल्ली) चिकटवलं आणि लिहिलं, 'माझ्या सगळ्या डोमेनांची प्रायव्हसी सबस्क्रिप्शन तपास.'

मिनिटाभरात अहवाल हजर. त्याचा गाभा असा:

'खात्यात २५ डोमेन आहेत. १७ प्रायव्हसी सबस्क्रिप्शन सक्रिय आहेत. ११ डोमेन सुरक्षित, १४ असुरक्षित. ६ सबस्क्रिप्शनची डोमेन खात्यात नाहीत, ती रद्द केल्यास खर्च वाचेल. १४ डोमेनांवर प्रायव्हसी चालू करू का?'

खाली नीटनेटका तक्ता, हिरवे आणि लाल गोल. मालकाचा मला फोन आला तेव्हा त्याची शंका एकच होती. 'सर, तो सहा रद्द करा म्हणतोय, करायला हरकत नाही. पण आपली डोमेन एक्केचाळीस आहेत. हा पंचवीस कुठून आणतोय?'

शंका योग्य ठिकाणी होती.

पंचवीसचं कोडं

हे सगळ्यात सोपं निघालं. टूलनं परत पाठवलेला कच्चा मजकूर उघडला, तर तळाशी तीन आकडे होते: एकूण ४१, पान १, दर पानाला २५. रजिस्ट्रारची एपीआय, म्हणजे प्रोग्रामनं माहिती मागण्याची खिडकी, यादी पानापानांनी देते आणि पुढचं पान मागावं लागतं. एजंटनं पहिलं पान वाचलं आणि तेच खातं धरलं. सबस्क्रिप्शन मात्र १७ च होती, म्हणजे पंचविसाच्या आत, त्यामुळे ती एका पानात पूर्ण आली. एक यादी अर्धवट, दुसरी पूर्ण, आणि दोन्ही एकमेकींशी ताडून बघितल्यावर सहा सबस्क्रिप्शनांना डोमेन सापडेना.

त्या सहांपैकी तीन डोमेन दुसऱ्या पानावर व्यवस्थित नांदत होती. एजंटचा सल्ला ऐकून 'रद्द कर' म्हटलं असतं, तर पतसंस्थेचं आणि दोन डॉक्टरांचं संरक्षण गेलं असतं, आणि तेही खर्च वाचवल्याच्या समाधानात. उरलेली तीन मात्र खरोखर बेवारस होती. ग्राहक दुसरीकडे गेले, डोमेन सोबत नेली, पण प्रायव्हसीची सबस्क्रिप्शन वेगळ्या वस्तू म्हणून विकत घेतलेली असल्यानं ती खात्यातच राहिली आणि दरवर्षी इमानेइतबारे रिन्यू होत राहिली. अकाउंटंटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच होतं.

पैसे देऊन लपण्याचा इतिहास

ही सबस्क्रिप्शन मुळात आहेत कशासाठी, हे थोडक्यात सांगितलं पाहिजे, कारण पुढचा घोळ त्यातूनच येतो.

डोमेन कुणाच्या नावावर आहे हे कुणालाही ज्यातून विचारता येतं, ती हूइज नावाची सोय १९८२ पासून आहे. इंटरनेटवर मोजक्या संस्था होत्या तेव्हा ती शहाणपणाची होती. पुढं डोमेन घरोघरी गेली आणि नाव, घरचा पत्ता, मोबाइल, ईमेल सगळं जगाला उघडं झालं. भारतात ज्यानं कुणी एकदा उघड्या नोंदीनिशी डॉट कॉम घेतलं आहे, त्याला पुढचे दिवस आठवत असतील: 'सर, तुम्ही डोमेन घेतलंय, वेबसाइट बनवायचीय का?' हे फोन दिवसभर, व्हॉट्सअॅपवर लोगोची दरपत्रकं रात्री. यावर रजिस्ट्रार मंडळींनी उपाय विकायला काढला. नोंदीत तुमच्या जागी एका प्रायव्हसी सेवेचं नाव-पत्ता टाकायचा, तुमच्यापर्यंत पत्र-ईमेल त्या सेवेमार्फत पोचवायचं, आणि त्याचे वर्षाला आठ-दहा डॉलर घ्यायचे.

२५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेचा, तात्पुरता नियम आला. युरोपातल्या माणसांची माहिती रजिस्ट्रारनं झाकायचीच, इतरांची झाकायची की नाही ते त्यानं ठरवायचं. पुष्कळ रजिस्ट्रारांनी सगळ्यांचीच झाकली, अनेकांनी प्रायव्हसी सेवा फुकट केली. काहींनी दोन्ही केलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या तात्पुरत्या नियमाची जागा कायमच्या धोरणानं घेतली, तरी युरोपबाहेरच्या माणसाबाबत रजिस्ट्रारला मोकळीक उरलीच. म्हणून कोल्हापूरच्या माणसाचा पत्ता दिसतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या रजिस्ट्रारवर आणि खात्यातल्या एका बटणावर अवलंबून असतं.

आमच्या प्रकरणातल्या रजिस्ट्रारनं नव्या डोमेनांना प्रायव्हसी फुकट केली होती, जुन्यांची सबस्क्रिप्शन तशीच चालू ठेवली होती. जुनं गिऱ्हाईक पैसे देतंय तर देऊ दे, हा हिशेब जगभर सारखाच. त्यामुळे खात्यात दोन जाती झाल्या. १४ डोमेनांना पैसे देऊन घेतलेली प्रायव्हसी. दुसऱ्या १४ डोमेनांना फुकटची, जिची सबस्क्रिप्शनच्या यादीत नोंदच नाही. राहिलेली १३ डॉट इन आणि डॉट को डॉट इन, त्यांची गोष्ट तिसरीच. भारताची ही नावं निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) चालवते आणि तिच्या धोरणात प्रायव्हसी किंवा प्रॉक्सी सेवेला परवानगीच नाही. त्याऐवजी रजिस्ट्री, म्हणजे त्या शेपटाच्या सगळ्या नावांची मूळ वही सांभाळणारी संस्था, स्वतःच हूइजमध्ये व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन झाकते. संस्थेचं नाव, राज्य आणि देश दिसतात.

आता एजंटची १४ 'असुरक्षित' डोमेन बघा. त्यात आठ डॉट इनवाली, ज्यांना प्रायव्हसी घेताच येत नाही. बाकीची सहा फुकटच्या जातीतली. सबस्क्रिप्शन नाही म्हणजे संरक्षण नाही, असं त्यानं गृहीत धरलं होतं. मालकानं 'हो, चालू कर' म्हटलं असतं, तर आठ वेळा एरर आली असती आणि एजंटनं बहुतेक त्या एररवर तोडगे शोधत बसायला सुरुवात केली असती.

इथपर्यंत गमतीचं होतं. खरा प्रश्न त्या अकरा हिरव्या गोलांचा होता.

हिरव्या गोलाखालचा पत्ता

सबस्क्रिप्शन 'सक्रिय' आहे याचा अर्थ बिल भरलेलं आहे. नोंदीत खरोखर काय दिसतं, हे बिलाच्या यादीत लिहिलेलं नसतं. घरपट्टीची पावती आपल्या नावावर निघते म्हणून घर आपल्या नावावर असतंच असं नाही, त्यातला प्रकार. एजंटला विचारलं होतं सबस्क्रिप्शनबद्दल, त्यानं उत्तर दिलं सुरक्षिततेबद्दल, आणि मधली पायरी कुणीच चढलं नव्हतं.

म्हणून एजंटला दुसरं काम दिलं: प्रत्येक डोमेनची जाहीर नोंद बाहेरून बघ. बाहेरून म्हणजे रजिस्ट्रारचं पॅनेल सोडून, कुणाही परक्याला दिसेल तशी. आता यासाठी हूइजऐवजी त्याचा नवा अवतार, आरडॅप, वापरतात. माहिती साध्या वेब पत्त्यावर, जेसन या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळते, म्हणून एजंटला ती वाचणं सोपं जातं. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांसाठी जुनं हूइज चालवण्याची सक्तीही आयकॅननं काढून टाकली आहे. देशांच्या स्वतःच्या नावांना आयकॅनचं हे बंधन लागू नाही, त्यामुळे डॉट इनसाठी आम्ही हूइजच ठेवलं.

एजंटचा दुसरा अहवाल पहिल्याहून देखणा होता. 'सर्व २४ डॉट कॉम डोमेनांमध्ये नोंदणीधारकाची माहिती आढळली नाही. सर्व खासगी आहेत.'

मालक खूश झाला. मला ते 'सर्व' खटकलं. हिशेबाच्या कागदात सगळ्या ओळी सारख्या आल्या की अकाउंटंट जसा चष्मा पुसून पुन्हा बघतो, तसं इथंही बघावं लागतं.

कारण होतं डॉट कॉमच्या रचनेत. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन चालवते, आणि ती आपल्याकडे मालकाचं नाव-गाव ठेवतच नाही. तिच्याकडे असतं एवढंच: रजिस्ट्रार कोण, डोमेन कधी घेतलं, कधी संपतं, नेमसर्व्हर कोणते, स्टेटस काय. माणसाची माहिती रजिस्ट्रारकडे असते. व्हेरिसाइनच्या आरडॅप उत्तरात रजिस्ट्रारच्या आरडॅपकडे जाणारा एक दुवा असतो, तो धरून पुढं जायचं असतं. एजंट पहिल्या दारावर गेला, तिथं नाव दिसलं नाही, आणि 'लपवलेलं आहे' असं लिहून परत आला. जिथं नाव असूच शकत नाही तिथं ते नाही, हा संरक्षणाचा पुरावा होत नाही. त्या पद्धतीनं जगातलं प्रत्येक डॉट कॉम खासगी ठरेल. डॉट ऑर्गचं थोडं वेगळं. तिथं रजिस्ट्रीकडे संपर्काची नोंद असू शकते, पण रजिस्ट्री ती स्वतःच झाकते, त्यामुळे त्या चार डोमेनांसाठीही रजिस्ट्रारपर्यंत जाणं भाग होतं.

तो दुवा धरून जायला सांगितल्यावर तिसऱ्या अहवालात दोन ओळी वेगळ्या आल्या.

पहिली मंगल कार्यालयाची. मालकाचं नाव, कार्यालयाचा पत्ता, मोबाइल, सगळं उघडं. फोन करून विचारलं तर ते गृहस्थ म्हणाले, 'दिसू दे की. त्यावर चार फोन आले तर हॉल बुक होईल.' त्यांनीच बटण बंद करून घेतलं होतं. प्रायव्हसी हा हक्क आहे, सक्ती नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलं होतं.

दुसरी ओळ सल्ला देणाऱ्या संस्थेची. सबस्क्रिप्शन सक्रिय, पुढच्या वर्षापर्यंत पैसे भरलेले, एजंटच्या पहिल्या तक्त्यात हिरवा गोल. आणि रजिस्ट्रारच्या आरडॅप नोंदीत संपर्काच्या रकान्यात संस्थेच्या एका कार्यकर्तीचं संपूर्ण नाव, घराचा क्रमांक, गल्लीचं नाव, ४१६ नं सुरू होणारा पिनकोड आणि तिचा मोबाइल नंबर. डोमेन घेतलं तेव्हा संस्थेची नोंदणी व्हायची होती, म्हणून ताईंनी ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या घराच्या पत्त्यावर घेतलं होतं.

ज्या संस्थेत सासर सोडून आलेल्या बायका येतात, तिथं काम करणाऱ्या बाईच्या घराचा पत्ता कुणालाही एका ओळीत मिळत होता.

हे कसं झालं, ते खात्याच्या नोंदवहीत सापडलं. संस्थेला ऑनलाइन देणग्या घ्यायच्या होत्या. पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्यांनी डोमेन तुमचंच आहे हे दाखवा म्हटलं. नोंदीत प्रायव्हसी सेवेचं नाव दिसत होतं, म्हणून प्रायव्हसी बंद केली, तपासणी झाली, देण्याघेण्याचं काम सुरू झालं, आणि बटण पुन्हा चालू करायचं राहून गेलं. तेव्हापासून सबस्क्रिप्शन दोनदा रिन्यू झालं होतं. पैसे जात होते, संरक्षण नव्हतं, आणि हे सांगणारी एकही ईमेल कुठून आली नव्हती. येणारही नव्हती, कारण रजिस्ट्रारच्या दृष्टीनं काही बिघडलेलंच नव्हतं.

डोमेन संपलं तर वेबसाइट बंद पडते आणि अर्ध्या तासात ग्राहकाचा फोन येतो. प्रायव्हसी गेली तर वेबसाइट तशीच चालते, ईमेल तशीच येते. लक्षण एकच, फालतू फोन वाढणं. ताईंना ते येत होतेच. 'मला वाटलं, नंबर सगळीकडे गेलाय आता, काय करणार,' असं त्या म्हणाल्या.

मग काय केलं

बटण त्याच मिनिटाला चालू केलं, आणि ते मालकानं स्वतःच्या हातानं केलं. एजंटला करू दिलं नाही. आरडॅपमध्ये नोंद बदललेली दिसेपर्यंत वाट बघितली, मग ताईंना कळवलं.

पण एवढ्यानं प्रकरण मिटत नाही. हूइजच्या जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. डोमेनटूल्स त्यांपैकी सगळ्यांत परिचित. नोंद उघडी असताना तिची प्रत कुणी घेतली असेल तर ती परत आणता येत नाही. ताईंचा नंबर बदलावा का, असा विषय निघाला. त्यांनी लगेच नाही म्हटलं. बायका त्याच नंबरावर फोन करतात, कित्येकींच्या मोबाइलमध्ये तो दुसऱ्याच नावानं सेव्ह आहे. नंबर राहिला. घराच्या पत्त्याचं काहीतरी करायला हवं होतं, कारण प्रायव्हसी पुन्हा कधी गळून पडली तर खालून तोच पत्ता वर येणार.

म्हणून मूळ नोंदच बदलायची ठरली: डोमेन ताईंच्या नावावरून आता नोंदणीकृत असलेल्या संस्थेच्या नावावर, पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा. तो पत्ता तसाही फलकावर आणि पत्रकांवर आहे. कुणीतरी सुचवलं होतं, की घराच्या जागी खोटाच पत्ता टाकून द्या, कोण बघतंय. तसं करू नये. आयकॅनच्या रजिस्ट्रार करारानुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणं हे डोमेन निलंबित किंवा रद्द होण्याचं कारण ठरतं, आणि ज्यांना ही संस्था खुपते त्यांच्या हातात तक्रारीचं आयतं कोलीत मिळालं असतं.

डोमेनधारकाचं नाव बदलण्यात दोन खाचखळगे असतात. नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की जुन्या आणि नव्या दोन्ही धारकांकडून होकार घ्यावा लागतो, आणि त्यानंतर ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. काही रजिस्ट्रार आधीच विचारलं तर ही साठ दिवसांची अट सोडतात. मालकाच्या मनात हे डोमेन स्वस्त रजिस्ट्रारकडे हलवायचं होतं. आधी हलवू, मग नाव बदलू, असं त्याचं म्हणणं. मी विरोध केला. हलवताना संपर्काची माहिती नव्या रजिस्ट्रारकडे नव्यानं भरली जाते, तिथं प्रायव्हसी आपोआप लागते की नाही ते आधी ठाऊक नसतं, आणि ताईंचा पत्ता आणखी एका ठिकाणच्या नोंदीत गेला असता. आधी नाव बदललं, साठ दिवस थांबलो. वर्षाचे दोन-तीनशे रुपये उशिरा वाचले.

दुसरा खळगा ईमेलचा. नवा ईमेल दिला की रजिस्ट्रार त्यावर पडताळणीचा दुवा पाठवतो आणि १५ दिवसांत त्यावर क्लिक झालं नाही तर डोमेन थांबवू शकतो. संस्थेच्या ज्या खात्यावर तो दुवा गेला, ते खातं सरकारी पत्रव्यवहारापुरतं कुणीतरी महिन्यातून एकदा उघडत असे. ताईंना फोन करून, त्यांच्याकडून ते खातं उघडवून, समोर क्लिक करून घेतलं. अशा कामात अर्धी मेहनत फोनवरच असते.

ऑटो-रिन्यू, कार्ड आणि रिझर्व्ह बँक

एजंटच्या यादीत १७ च्या १७ सबस्क्रिप्शनांपुढं 'ऑटो-रिन्यू: चालू' असं होतं. इथं खास भारतातली अडचण येते, जी परदेशी टूलला माहीत असण्याचं कारण नाही.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ई-मँडेट, म्हणजे कार्डधारकाची आगाऊ संमती, नोंदवावं लागतं, आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. रक्कम आमच्या प्रकरणात फारच लहान, तिची अडचण नाही. अडचण मँडेटची. मालकाचं जुनं कार्ड संपून नवं आलं होतं, नवं कार्ड खात्यात जतनही केलेलं होतं, पण त्यावर मँडेट नोंदलेलं नव्हतं. अशी वसुली बँक नाकारते. एपीआयमध्ये मात्र 'चालू' असंच दिसणार, कारण तिथं इच्छा नोंदलेली असते, बँकेचं उत्तर वसुलीच्या दिवशीच कळतं.

त्यात आणखी एक तिढा. प्रायव्हसी आणि डोमेन यांच्या मुदती जुळत नव्हत्या. दोन डॉक्टरांनी डोमेन आधी घेतलं होतं, फोनांना कंटाळून प्रायव्हसी काही महिन्यांनी जोडली होती, त्यामुळे प्रायव्हसी वेगळ्या महिन्यात संपत होती. डोमेन रिन्यू करताना मालक स्वतः लक्ष घालतो, प्रायव्हसी मागोमाग येते असं त्याला वाटत होतं. मँडेट नसलेल्या कार्डावर पहिला बळी तीच दोन गेली असती.

उपाय साधाच निघाला. रजिस्ट्रारला विचारल्यावर त्यांनी जुनी पैशांची सबस्क्रिप्शन फुकटच्या प्रायव्हसीत बदलून दिली. विचारल्याशिवाय देत नव्हते एवढंच. बेवारस तीन रद्द झाली. मागच्या वर्षांचे पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत. ई-मँडेटचा प्रश्न डोमेनांच्या रिन्यूअलपुरता उरला, आणि त्यासाठी मालकानं खात्यात आगाऊ रक्कम भरून ठेवली.

एजंटच्या हातात काय ठेवलं

एजंट काढून टाका, असं माझं म्हणणं नव्हतं. ४१ नोंदी दरमहा हातानं बघणारा माणूस त्या कंपनीत नाही. आणि खरं सांगायचं तर, योग्य दारावर पाठवल्यावर ताईंचा पत्ता एजंटनंच शोधून दिला. त्याआधी तो उघडा असताना माणसांपैकी कुणाच्याच नजरेला पडला नव्हता.

अडचण टोकनची होती. या रजिस्ट्रारच्या टोकनला फक्त-वाचा अशी मर्यादा घालता येत नाही. टोकन दिलं म्हणजे खात्याची किल्ली दिली. यादी बघणारं टोकन आणि प्रायव्हसी बंद करणारं टोकन एकच. 'काहीही बदलू नकोस' असं एजंटला लिहून सांगणं ही विनंती झाली, त्यानं कुलूप लागत नाही. एमसीपीमध्ये टूलला 'हे फक्त वाचतं' असं लेबल लावता येतं, पण ते लेबल टूल देणाऱ्यानंच लावलेलं असतं. अनोळखी सर्व्हरच्या अशा लेबलांवर विसंबू नका, असं प्रोटोकॉलची नियमावलीही सांगते. म्हणून मालकाच्या संगणकावर, एजंट चालतो त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, तीनच टूल ठेवली: डोमेनांची यादी, डोमेनचा तपशील, सबस्क्रिप्शनांची यादी. बाकीची एजंटला दिसतच नाहीत. आरडॅपसाठी टोकन लागत नाही, ती नोंद जाहीरच आहे.

मग कामाची सूचना नव्यानं लिहिली. पाने संपेपर्यंत यादी वाच आणि तुझी मोजणी टूलनं दिलेल्या एकूण आकड्याशी जुळव, जुळली नाही तर थांब. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग असेल तर रजिस्ट्रारच्या आरडॅपपर्यंत जा. प्रत्येक डोमेनपुढं तीन वेगळे रकाने भर: पैसे भरलेत का, बटण चालू आहे का, बाहेरून काय दिसतं. तिसऱ्या रकान्यात निष्कर्ष लिहू नकोस, दिसलेला मजकूर जसाच्या तसा लिही. आणि उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर नाही' लिही.

शेवटची सूचना गरजेची होती, कारण आरडॅप सर्व्हर लागोपाठ विचारणा झाली की ४२९ असा कोड पाठवून थोडं थांबायला सांगतात. ४०४ आला तर नोंद सापडली नाही असा अर्थ. एजंटच्या पहिल्या प्रयत्नांत हे दोन्ही 'माहिती आढळली नाही' या एकाच वाक्यात जात होते, आणि तिथून 'खासगी' या शब्दापर्यंत एकच उडी राहते.

डॉट इनच्या १३ ओळींत बटणाचा रकाना 'लागू नाही' असा कायमचा बांधून टाकला, नाहीतर दर महिन्याला तो प्रश्न नव्यानं उकरला गेला असता. मंगल कार्यालयाच्या ओळीत 'मालकाच्या इच्छेनं उघडी' असं लिहिलं.

पुढच्या महिन्याच्या अहवालात ४१ ओळी होत्या. संस्थेच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात प्रायव्हसी सेवेचा पत्ता. पतसंस्थेच्या ओळीत 'उत्तर नाही, ४२९'. मालकानं ब्राउझरमध्ये स्वतः ती नोंद उघडून बघितली, ठीक होती, आणि रकान्यात हातानं तारीख टाकली. तीन ग्राहकांच्या बेवारस सबस्क्रिप्शनांचे पैसे कोणत्या खात्यात दाखवायचे, हे मात्र अकाउंटंटनं अजून ठरवलेलं नाही.